वीस सुया

धरणगावची साडेआठची बस पकडायच्या आधी मला रोज वीस सुयांत दोरा ओवावा लागतो. भाजी झालेली असो वा नसो, डबा भरलेला असो वा नसो, सुया आधी. खिडकीत उभं राहायचं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा, दोऱ्याचं टोक ओठात ओलं करायचं आणि एकेक सुई ओवून, गाठ मारून भुश्शाच्या उशीत खोचायची. एखादी सुई अशी अडून बसते की मी तिला आमच्या ऑफिसात चालते ती भाषा ऐकवते. तालुक्याच्या एका कार्यालयात मी आवक-जावक बघते. माणसांवर खेकसायची सवय आहे, ती सुयांनाही भोगावी लागते.

या सुया माझ्या अक्कासाठी. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठी. आमचं माहेर भडगावचं. मी पाच वर्षांची असताना आई गेली आणि अक्काने मला आपल्या सासरी, धुळ्याला नेलं. माझ्या वेण्या, माझ्या पाट्या, माझी पहिली साडी, सगळं तिच्या हातचं. मी लग्न केलं नाही. का केलं नाही हे लोकांनी विचारून विचारून सोडून दिलं, तेव्हा इथेही सोडून देऊ. अक्काला मूलबाळ नाही, नाना, म्हणजे तिचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली. धुळ्यात एकटी राहायची आणि डोळ्यांना कमी दिसतं हे कोणाला सांगायची नाही. न्हाणीत पडून खुबा मोडला, दवाखान्यात नेली, तेव्हा कळलं की काचबिंदूने दोन्ही डोळे खाल्ले आहेत. उजेड आणि अंधार, एवढंच तिला कळतं. गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी त्यांच्याशीच भांडले. दुसऱ्या कोणाशी भांडणार होते?

दोन वर्षांपूर्वी तिला मी जळगावला आणलं. महामार्गापलीकडच्या कॉलनीत माझं दोन खोल्यांचं घर आहे, आणि घरापेक्षा मोठं अंगण. अंगणाला शेजारच्या वहिनी 'तुमचं जंगल' म्हणतात. त्यांच्या फाटकापासून गाडीपर्यंत फरशी आहे, तिच्यावर त्या दोन वेळा पाणी मारतात. माझ्याकडे लिंबू, कढीपत्ता, पारिजातक, कुंपणाला मधुमालती, कोपऱ्यात रुई. रुई मी मुद्दाम ठेवली आहे, कारण तिच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या होतात. अळ्यांसाठी झाड राखणारी बाई वहिनींनी आयुष्यात पाहिली नव्हती. एकदा आमच्याकडचं मुंगूस त्यांच्या गाडीखालून गेलं. "ताई, तुमचं मुंगूस आलं होतं," असं त्या मला तक्रारीच्या सुरात सांगायला आल्या. मी म्हटलं, पाठवून द्या, जेवायची वेळ झाली त्याची.

या अंगणाला खरी शोभा आणली ती अक्काने, आणि ती न पाहता. वॉकर धरून ती पलंगापासून ओसरीतल्या खुर्चीपर्यंत जेमतेम येते. खाली तीन पायऱ्या आहेत, त्या तिला आता जन्मात उतरता येणार नाहीत. पण खुर्चीत बसल्या बसल्या तिने जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडल्या, त्यांच्या वेण्या घातल्या आणि वेण्यांची शिंकी केली. फुटक्या माठांची बुडं त्या शिंक्यांत ठेवून मी झाडाझाडाला पाणी टांगलं. मे महिन्यात इथे दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तेव्हा आमच्या शिंक्यांवर सातभाई, बुलबुल, होले यांची रांग लागते. अक्का कान लावून बसते. तिच्या हिशेबी पाखरू कोणतंही असो, ते 'चिडी'च. कबुतर मोठी चिडी आणि कावळा काळी चिडी.

तिचं मुख्य काम मात्र दुपट्यांचं. मऊ झालेल्या सुती साड्यांचे तीन थर, वर रंगीत तुकड्यांची चौकट, आणि मग काठापासून मधल्या चौकोनापर्यंत धावदोरा. धुळ्याला तिच्या गल्लीत जन्मलेलं एकही बाळ अक्काच्या दुपट्यावाचून निजलं नाही. डोळे गेले तरी हात गेले नव्हते. डाव्या अंगठ्याचं नख आधीच्या टाक्यांच्या ओळीवर ठेवायचं आणि नखाच्या अंतराने पुढची ओळ चालवायची, अशी तिची रीत. तिचं शिवण पाहून ही बाई आंधळी आहे असं कोणी म्हणणार नाही. कॉलनीत कोणाकडे पाळणा हलला की साडी आमच्याकडे येते. दुपटं तयार झालं की अक्का ते गालाला लावून बघते, मगच देते.

आणि दुपट्याबरोबर तिचा तो जुना रिवाज. टाका संपला की सुईत जो वीतभर दोरा उरतो, तो ती कचऱ्यात टाकू देत नाही. तिच्या सासूने तिला घालून दिलेला नियम होता. उरलेला दोरा चुलीत जाळायचा नाही, उकिरड्यावर टाकायचा नाही, झाडाला अडकवायचा. पाखरं त्याची घरटी करतात. "आपला लेकरंसले दुपटं, तं चिडीसना लेकरंसले दोरा," असं अक्का म्हणायची. धुळ्याच्या परसात बोरीच्या काटेरी फांद्यांवर रंगीबेरंगी दोरे लटकत असायचे, ते मला लहानपणापासून आठवतात. पावसाळ्यात ते कुजून जायचे आणि पुढच्या वर्षी नवे यायचे.

इथे तिला झाडापर्यंत जाता येईना. मग दिवसभराचे दोरे ती एका चिंधीत बांधून पुरचुंडी करायची आणि सकाळी माझ्या हातात द्यायची. मी लिंबाच्या फांद्यांवर ते मोकळे करून अडकवायचे. संध्याकाळी बसमधून उतरून फाटक उघडलं की चपला काढायच्या आत, पाखरांनी दोरे नेले का म्हणून आतून अहिराणीत प्रश्न यायचा, "लई गयात का वं?"

मी लिंबाकडे बघून सांगायचे, "लई गयात."

"बठ्ठा?"

"दोन ऱ्हायनात."

एवढ्याने तिचा चेहरा जसा उजळायचा, तसा कोणाचा पगारवाढीनेही उजळलेला मला माहीत नाही. उजेड-अंधारापलीकडे काही न दिसणाऱ्या माणसाला कोणीतरी आपल्या हातची वस्तू रोज घेऊन जातं, घराला लावतं, हे केवढं वाटत असेल. सुई आणि हा एक प्रश्न, अक्काकडे एवढंच उरलं होतं. मला ते चांगलं माहीत होतं.

आता माझी करामत सांगते. सुती दोरा तुटायचा. डोळस बाईला त्याचं काही नाही, ती पुन्हा ओवून घेते. अक्का एकदा दोरा तुटला की अडली. मी ऑफिसात, घरात दुसरं कोणी नाही. दोरा ओवायचं ते पत्र्याचं चिमुकलं साधन मी आणून दिलं, तर ते तिने दोनदा वाकवलं आणि तिसऱ्यांदा बोटात घुसवलं. वीस सुया ओवून दिल्या तरी दुपारी बारापर्यंत सगळ्या रिकाम्या. मग संध्याकाळपर्यंत ती मांडीवर अर्धं दुपटं घेऊन बसलेली असायची, हातावर हात ठेवून. मी आले की म्हणायची, "आज मी आराम करा." मला रडू यायचं आणि रडू आलं की मी चिडते. मी तणतणत बाजारात गेले.

जळगावच्या बाजारात आमच्या ओळखीचं एक दोरे-बटनांचं दुकान आहे. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ, त्यांना सगळेच चाचा म्हणतात. त्यांचे वडील गाद्यांचा कापूस पिंजायचे, त्यामुळे दुपटी, गोधड्या यांच्याबद्दल त्यांना आस्था. मी म्हटलं, चाचा, न तुटणारा दोरा द्या. त्यांनी नायलॉनचं रीळ काढलं, वीतभर दोरा दोन्ही मुठींना गुंडाळला आणि चेहरा लाल होईस्तोवर ताणला.

"ले जाओ, ताई. तुम्ही तुटाल, हा तुटणार नाही."

मी सगळे रंग घेतले. त्या दिवशी मी स्वतःला फार हुशार समजले. दुसऱ्या दिवसापासून वीस सुया संध्याकाळपर्यंत पुरायला लागल्या. दुपटं आठ दिवसांत होऊ लागलं. अक्का तो दोरा बोटांनी चाचपून म्हणाली, "हाऊ दोरा मजबूत शे." मजबूत दोऱ्याची टोकंही मजबूतच असणार, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. अक्काच्या सासूच्या वेळी दोरा कुजायचा, म्हणून तो रिवाज शहाणा होता. दोरा मी बदलला आणि रिवाज तसाच ठेवला. रोज सकाळी माझ्या हातांनी मी लिंबावर न कुजणारे, न तुटणारे फास अडकवत होते आणि संध्याकाळी आनंदाने 'लई गयात' म्हणत होते. पूर्ण पाच महिने.

गेल्या उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, लिंबातच बुलबुलाने घरटं केलं. माझ्या छातीएवढ्या उंचीवर. वाटीएवढं घरटं, आणि त्यात आमचे दोरे. लाल, पिवळा, मोरपंखी. मी अक्काला रंगांची नावं सांगितली, तर तिने प्रत्येक रंग कोणत्या दुपट्याचा तेही सांगितलं. लाल शेजारच्या गल्लीतल्या जुळ्यांच्या दुपट्यांचा. तीन अंडी झाली, तीन पिल्लं झाली. त्या दोन-तीन आठवड्यांत आमच्या घरात पाळणा हलल्यासारखं होतं. मी आल्यावर आधी पिल्लांची खबर द्यायची, मग चहा. अक्का म्हणाली, "आपला घर बी बाळतीन शे आते." साठीला टेकलेल्या आणि ऐंशीला आलेल्या दोघी बहिणी तेवढ्यावर इतक्या हसलो की वहिनींनी खिडकी उघडून पाहिलं.

एका सकाळी दोन पिल्लं घरट्याबाहेर फांदीवर बसलेली दिसली. उडायचा दिवस होता. तिसरं घरट्याच्या काठावरून खाली लटकत होतं, उलटं. लाल दोरा एका पायाला, घोट्याच्या वर. ते फडफडायचं, थकायचं, पुन्हा फडफडायचं. आणि त्याची आई तशा लटकलेल्या पिल्लाच्या चोचीत किडा भरवत होती. तो देखावा मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही.

मी आत धावले. अक्काच्या शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री घेतली. "काय व्हयनं?" तिने विचारलं. तोवर मी बाहेर होते. लिंबाच्या काट्यांनी हात सोलवटून घेत मी दोरा कापला आणि पिल्लू ओंजळीत घेतलं. पण दोरा नुसता गुंडाळलेला नव्हता. पिल्लू बारीक असतानाच तो पायात अडकला असणार, आणि पाय वाढला तसा आत रुतत गेला असणार. वर फुगलेलं मांस, खाली पंजा काळा पडलेला. चष्मा लावून, चष्मा काढून, सुईच्या टोकाने मी तो दोरा उचलायचा प्रयत्न केला. रोज वीस सुया ओवणारी मी, मला तो एक दोरा सुटेना. ओढला तर पाय हातात येईल अशी भीती. न ओढावा तर मरेल.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत पाखरांवर उपचार करणारे एक गृहस्थ राहतात, त्यांचा नंबर होता. त्यांनी फोटो मागवला. पाहून म्हणाले, पाय वाचणार नाही, जीव वाचला तर बघू. पाणी पाजू नका, खोक्यात अंधारात ठेवा, मी दुपारनंतर येतो, आत्ता एका विहिरीत पडलेल्या उदमांजरापाशी आहे. त्या भल्या माणसावर माझा राग निघाला. मी म्हटलं, दुपारपर्यंत काय उरणार आहे? त्यांनाही माहीत असणार.

मी रजा टाकली. पिल्लाला खोक्यात, दुपट्याच्या एका उरलेल्या तुकड्यावर ठेवलं आणि खोकं लिंबाखाली घेऊन बसले, म्हणजे आई जवळ राहील. आईबाप दोघं फांदीफांदीवरून ओरडत होते. अकराच्या सुमाराला खोक्यातला आवाज थांबला. फांदीवरची दोन पिल्लं तोवर मधुमालतीत निघून गेली होती.

"कोन इतलं आल्लाई ऱ्हायनं वं?" अक्काने ओसरीतून विचारलं.

मी म्हटलं, "मांजर आली होती. हाकलली."

"पिल्लं?"

"उडनात. तिन्ही."

तिने हात जोडले. मी कात्री धुऊन परत डब्यात ठेवली आणि रुईजवळ खड्डा करून ते पुरलं. भुसावळच्या गृहस्थांना येऊ नका म्हणून सांगितलं.

मी खोटं का बोलले, तर घाबरले म्हणून. धुळ्याला एकदा, मी तेव्हा शाळेत होते, अक्काने दिलेल्या एका दुपट्यात सुई राहून गेली. बाळाच्या पाठीवर नुसता ओरखडा उठला. त्या घरच्यांनी हसून सुई परत आणून दिली. पण अक्काने डबा बंद केला तो वर्षभर. नानांनी समजावलं, बाळाच्या आजीने येऊन समजावलं, मी रुसून बसले. "मना हाते लेकरूले लागनं," एवढंच ती म्हणायची. तेव्हा तिला डोळे होते, घर होतं, नाना होते, सणवार, पापड-कुरडया, वर्ष निघून गेलं. आता सुई खाली ठेवली तर तिच्या हातात दुसरं काय देऊ? पाखराच्या पिल्लाचा पाय तिच्या दोऱ्याने गेला हे तिला कळलं असतं तर ती दुसऱ्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून निजली असती. आणि दोरा तिचा नव्हताच, तो मी आणलेला.

मी पुन्हा सुती दोरा आणला. चाचा म्हणाले, हा आता कोणी मागत नाही, ताई, पडून पडून विरलाय. खरंच विरला होता. पहिल्या दिवशी साडेदहालाच वीस सुया संपल्या. अक्का दुसऱ्या दिवशीही हातावर हात ठेवून बसलेली आढळली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "धाकली, तो मजबूत दोरा सरना का?" मी मुकाट्याने नायलॉनचं रीळ काढलं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मला तेव्हा समजलं. दोरा न तुटणारा असेल तर अक्का शिवते आणि पाखरू मरतं, तुटणारा असेल तर पाखरू जगतं आणि अक्का बसून राहते.

मग मी एक तोड काढली, मला ती तोड वाटली. शिवायला नायलॉनच द्यायचा. सकाळी पुरचुंडी घ्यायची, अंगणात जाऊन लिंबापाशी जरा उभं राहायचं, पानं हलवायची, आणि पुरचुंडी तशीच पर्समध्ये टाकायची. धरणगावच्या स्टँडवर एक कचऱ्याचं पिंप आहे, त्यात ती सोडायची. घरच्या कचऱ्यात टाकली असती तर माझं मलाच दिसलं असतं. उघडायचीसुद्धा नाही. त्या गाठीला हात लावायची मला भीती वाटायची. संध्याकाळी फाटक उघडलं की आतून, "लई गयात का वं?"

"लई गयात, अक्का."

"बठ्ठा?"

"बठ्ठा."

जेव्हा पाखरं खरोखर नेत होती तेव्हा एखाददोन उरल्याचं सांगायचे. आता रोज सगळेच. लबाडीला माप नसतं.

या काळात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. वीस सुयांतल्या पाच-सहा संध्याकाळी न वापरलेल्या सापडायच्या. दुपट्याला आठाऐवजी बारा-तेरा दिवस लागू लागले. मी म्हटलं, वय झालं, थकते. तिच्या डाव्या तर्जनीला एकदा चिंधी बांधलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, सुई लागनी. दुसऱ्या आठवड्यात अंगठ्याला. सुई तिला सत्तर वर्षांत कधी लागली नव्हती, हेही माझ्या डोक्यात आलं नाही. आंधळं नक्की कोण, याची मला आता शंका आहे.

श्रावणातली गोष्ट. कानबाईचा रविवार. आमच्याकडे ही खानदेशी देवी बसवत नाहीत, पण वहिनींकडे असते आणि त्या दिवशी आमचं वैर बंद असतं. मी प्रसादाचे रोट खायला निघाले होते, ओटीचा नारळ आणि सुटे पैसे घ्यावेत म्हणून पर्स पलंगावर उलटी केली, तर शनिवारची पुरचुंडी बाहेर पडली. शनिवारी सुट्टी होती, ती पर्समध्येच राहून गेली होती. पडताना तिची गाठ सुटली आणि चादरीवर काहीतरी सांडलं. मला आधी वाटलं, रांगोळी.

दोऱ्याचे तुकडे होते. तांदळाच्या कणीएवढे. लाल, पिवळे, निळे, हिरवे. शेकडो. एकही बोटाच्या पेराएवढा लांब नव्हता.

मी ते तुकडे पुन्हा चिंधीत भरले आणि ओसरीत गेले. अक्का खुर्चीत बसली होती. मांडीवर दुपटं नव्हतं, स्टीलचं ताट होतं. उजव्या हातात ती छोटी कात्री. डाव्या चिमटीत दोरा धरून, बोटाच्या टोकाशी पातं टेकवून, ती कापत होती. कच्. थोडं पुढे सरकवायचं. कच्. ताटात बारीक आवाज होत होता.

"अक्का, हाई काय करी ऱ्हायनी?" मी विचारलं.

ती दचकली नाही. "बारीक करी ऱ्हायनू. लांब दोरा पायमा गुतस."

मी पायरीवर बसले.

"तुले कोनी सांगं?"

"मी आंधळी शे वं, बहिरी नही. मांजर उनी म्हंजे चिडी येगळी आल्लास. त्या दिन ती रडी ऱ्हायंती." तिने ताट चाचपून आणखी एक दोरा उचलला. "मनी कात्री तू धोईसन ठेवी. इतल्या वर्षात कोनी धोयेल नही तिले."

मला वाटलं होतं तसं ती भिंतीकडे तोंड करून निजली नव्हती. एकटीने ते सगळं सोसलं होतं, मला कळू न देता. मी म्हटलं, "मंग माले काबरं नही सांगं?"

"तू इतली घाबरेल व्हती," अक्का म्हणाली. "मना बी जीव वर-खाल व्हये. वाटे, सुई ठेवी देवो. पन तू सांजले इसन सांगं, लई गयात. मी म्हने, बारीक कापात म्हनीसन लई गयात. चिडीसनी माफ करं माले."

तिचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता, जरासा चुकलेला, माझ्या खांद्याच्या पलीकडे. तोच तो उजळलेला चेहरा. रोज दुपारी शिवण बाजूला ठेवून, बोटं कापून घेत, ती हे तुकडे करत होती. आणि मी ते रोज न उघडता धरणगावच्या स्टँडवर टाकून येत होते. तिने कापलेला एकही तुकडा या अंगणात पोहोचला नव्हता. पोहोचला असता तरी इतकी बारीक कणी कोणतं पाखरू घरट्याला लावणार? मला तिला सांगायचं होतं. सांगितलं तर ती माफीही गेली. वहिनींकडून आरतीच्या टाळ्या ऐकू येत होत्या आणि मी पायरीवर पुरचुंडी धरून बसले होते, कोणाशी भांडावं हेही कळत नव्हतं.

"हातमा काय शे?" तिने विचारलं. कापडाचा आवाजही तिला ऐकू येतो.

"काल्हनी पुरचुंडी. ऱ्हाई गई व्हती."

"मंग जाय ना. टाकी ये."

मी उठले. लिंबाखाली जाऊन उभी राहिले. चिंधी तळहातावर उघडली. वारा नव्हता, एकही तुकडा हलला नाही. लिंबात घरट्याची वाटी अजून होती, रिकामी, लाल दोऱ्याचं कापलेलं टोक तसंच लटकत. मधुमालतीत कुठेतरी बुलबुल बोलत होते. मागून आवाज आला.

"उनात का वं? लई गयात का?"

मी मूठ बंद केली. "लई गयात, अक्का."

"बठ्ठा?"

"बठ्ठा."

"देख," ती म्हणाली. कात्री ताटात ठेवून तिने दोन्ही हात मांडीवर पुसले. "आते मना हात बसना. कापाले येळ लागत नही. धाकली, उद्यापाईन एक सुई वाढाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत उभी राहून वीस सुया ओवल्या. मग एकविसावी घेतली. चष्मा पुसला, दोऱ्याचं टोक तीनदा ओलं केलं, उजेडाकडे धरलं. साडेआठची बस गेली तरी ती सुई ओवून होईना.